जिभेची नोकरी

॥ श्री ॥

मुंबई,
ता. २६ नोव्हेंबर १९२८

ती. आक्कास,

आत्मारामाचा शि. सा. न. वि. वि. मी इकडे सुखरूप आहे. बाबल्या परवा आगबोटीने आला, त्याच्याकडून घरची खुशाली कळली. भात झोडून झालं, काळ्या गाईला पाडी झाली, हेही त्याने सांगितलं. सावित्रीची खुशाली मात्र त्याला विचारता आली नाही. आम्ही गावची पोरं राहतो त्या गावकीच्या खोलीत सगळी माणसं बसलेली, विचारणार कसं? ती तू लिही.

आता बातमी ऐक. मला बढती मिळाली! चार वर्षं कंपनीच्या नमुन्यांच्या खोलीत डब्यांवर चिठ्ठ्या डकवत होतो. आता फॉक्स साहेबाने मला त्याच्या हाताखाली चहाची चव बघण्याच्या कामावर घेतलं आहे. या टेबलाशी आजवर गोऱ्या माणसाशिवाय कोणी उभं राहिलेलं नाही. मी चिठ्ठी डकवण्याआधी डब्याचा वास घेतो हे साहेबाने कधीतरी बघितलं होतं म्हणे.

काम कसं असतं ते सांगतो, पण हसायचं नाही. लांबलचक टेबल, त्यावर पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येक कपात वेगळ्या मळ्याचा कोरा चहा. चमच्याने घोट घ्यायचा, तोही मोठ्ठा आवाज करून ओढायचा. लहानपणी मी कढी अशी ओढली की तू पाठीत धपाटा घालायचीस, अगदी तसा. घोट तोंडात खेळवायचा आणि पितळेच्या उंच पिंपात थुंकायचा. मग सांगायचं की हा कडक आहे, हा धुरकट आहे, हा पेटीत सादळला आहे. त्यावरून कोणता चहा कशात मिसळायचा ते ठरतं आणि तो डबा साऱ्या हिंदुस्थानात जातो.

वर्षभर परीक्षा आहे. पसंत पडलो तर कायम, आणि कायम झालो की कंपनीच्या चाळीत दोन खोल्या मिळतात. म्हणजे सावित्रीला इकडे आणता येईल. लग्नाला तीन वर्षं झाली आणि आम्ही दोघं एका घरात सगळे मिळून तीन महिनेसुद्धा राहिलो नसू. आक्का, मला ही जागा हवी आहे. फार हवी आहे.

पण त्यासाठी जीभ साहेबाच्या स्वाधीन करावी लागते. कांदा, लसूण, मिरची, मसाला, लोणचं, आमसुलं, सगळं बंद. मासळी बंद, आणि सुक्या मासळीचं तर नावही काढायचं नाही. डोक्याला वासाचं तेल नको. चहाची पत्ती भारी चोरटी, शेजारी जो वास असेल तो चटकन ओढून घेते. सध्या मी दूधभात आणि उकडलेला बटाटा खातो. खानावळवाल्या हौसाबाई रोज विचारतात की पोटाचं दुखणं कोणाला दाखवलं का. तेव्हा आक्का, तुझ्या पाया पडतो, आता गाठोडं पाठवू नकोस.

तुझ्या रागालाही तयार असलेला आणि लोभालाही,
आत्माराम

---

पूर्णगड,
ता. ८ डिसेंबर १९२८

चि. आत्मारामास,

आक्काचे अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा वेगळा. पत्र पावलं. सावित्रीने मोठ्याने वाचलं, मग मी मनात वाचलं, तरी मला कळेना की घेतलेला घोट थुंकायला पगार देते ती कसली रे कंपनी?

भिकाजीकाका खळ्यात सुपारी कातरत बसले होते. पोराला काय हुद्दा मिळाला म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, चहा पिऊन थुंकण्याचा. तर म्हातारा इतका हसला की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. आता सगळ्या गावात तुझं नाव थुंके साहेब पडलंय. मी भांडते एकेकाशी, पण घरी आले की मलाही हसू येतं, काय करू?

मला एक सांग, साहेब तुला बाटवायला तर बघत नाही ना? बाटवतात ते नको ते खायला घालून, असं ऐकून होते. हा तर खातोस तेही सोडायला लावतो. ही कुठली नवी तऱ्हा म्हणायची?

आई गेली तेव्हा तू रांगत होतास. मीही सासर संपवून तेव्हाच परत आलेली, घरात दुसरं बाईमाणूस नाही. तुला पहिला घास मी भरवला तो पेजेचा. बांगड्याच्या तिखल्याचा रस बोटाला लावून चाटवला तर दुसरं पोर किंचाळलं असतं, तू बोट सोडीना. तेव्हाच आप्पा म्हणाले की माझा हा पोरगा तुझा झाला. ती जीभ मी वाढवली आणि आता कंपनी म्हणते आमची. मला राग आलाय, तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. पण जागा तुला हवी आहे ना, मग घे बाबा. तुझ्या आड मी कशी येईन?

सावित्री बरी आहे. दोन खोल्यांचं वाचलं आणि त्या सांजेला तिने तीन भाकऱ्या करपवल्या. एवढ्यावरून काय ते समज.

तुझ्यासाठी काही पाठवत नाही, शब्द म्हणजे शब्द. पण खोलीतली बाकीची पोरं काय तुझ्या साहेबाची चाकर आहेत? गाठोडं बंद म्हटल्यावर बाबल्याचं तोंड केविलवाणं झालं असेल. केरू पुढच्या आगबोटीने यायचा आहे, त्याच्याबरोबर बोंबील आणि थोडे सोडे देते आहे. मोहल्ल्यातल्या मरियमने यंदा काय खडखडीत वाळवलेत! मसाला नाही, मीठ बेताचं. तू हात लावू नकोस. लांबून बघायला तर साहेबाची ना नसेल?

थुंके साहेबावर अजून लोभ ठेवून असलेली,
आक्का

---

मुंबई,
ता. २१ डिसेंबर १९२८

ती. आक्कास,

शि. सा. न. वि. वि. आज मी तुझ्यावर रागावलो आहे. उद्या लिहिलं असतं तर राग कमी झाला असता, म्हणून आजच लिहितो.

केरू शनिवारी भाऊच्या धक्क्यावर उतरला. त्याला खोली सापडेना. पण कंपनीचं नाव पाठ होतं, म्हणून विचारत विचारत थेट आमच्या कचेरीत आला. मी बाहेर गोदीत गेलो होतो. दारावर आमचा शिपाई रामा. तो चिपळूणचा. आपल्या मुलखातलं माणूस आणि त्यात बहिणीने पाठवलेलं गाठोडं म्हटल्यावर त्याला भरून आलं. उंदीर लागू नयेत म्हणून त्याने ते कचेरीतल्या सगळ्यांत चांगल्या कपाटात ठेवलं आणि कडी घातली. आक्का, ते नमुन्यांचं कपाट! सोमवारच्या चवीसाठी काढलेल्या पत्तीच्या ताटल्या त्यात उघड्या मांडलेल्या होत्या. आणि सोमवारी कलकत्त्याहून कंपनीचे मोठे साहेब यायचे होते.

ते आले. पहिला घोट घेतला, थुंकले. दुसरा घेतला, थुंकले. तिसऱ्याला फॉक्स साहेबाकडे असं बघितलं की तो लालबुंद झाला. दोघांचं बोलणं झालं आणि त्यांनी ठरवलं की आसामातल्या मळेवाल्याने पेट्या मासळीच्या होडीतून आणल्या असणार, त्याला खरमरीत लिहायचं.

मला पहिल्याच घोटाला कळलं होतं. ती चव मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. त्या मळेवाल्याचं तोंड मी जन्मात बघणार नव्हतो. पण दारात रामा उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मला काही तो चहा गिळवेना की थुंकवेना. शेवटी बोललो. सांगितलं की हे माझ्या घरून आलेलं आहे, माझ्या नावाने आलेलं आहे, दोष माझा. रामाचं नाव काढलं नाही.

मोठ्या साहेबांनी गाठोडं सोडायला लावलं. एक बोंबील शेपटीला धरून उंच उचलला आणि हे माणसं खातात का असं मला विचारलं. खातात, आणि आवडीने खातात, असं मी सांगितलं. ते हसले की चिडले ते मिशांमुळे कळलं नाही. मग कपाट रिकामं झालं, सुताराकडून रंधून घेतलं, नमुने सगळे फेकले.

माझी नोकरी राहिली. पण परीक्षेचं वर्ष आता जानेवारीपासून पुन्हा पहिल्यापासून. येत्या वर्षी गणपतीला रजा नाही. आणखी एक चूक झाली की पुन्हा चिठ्ठ्या. दोन खोल्या आणखी लांबल्या, हे सावित्रीला तूच सांग, मला लिहवत नाही. लांबून बघायला ना नसेल असं तू लिहिलं होतंस, ते मी विसरणार नाही. बोंबील रामाने नेले. फार चांगले होते म्हणाला.

रागावलेला, तरी तुझाच,
आत्माराम

---

पूर्णगड,
ता. १७ जानेवारी १९२९

श्रीचरणी,

सावित्रीचा सा. न. वि. वि. आपलं पत्र पावलं. आपण वन्संवर रागावला होता, तो राग आता उतरला असेल असं धरून लिहिते. नसेल तर हे वाचून उतरवावा.

पत्र आल्यावर वन्सं दोन दिवस माझ्याकडे पाठ करून दळत बसल्या. मला वाटलं रुसल्या. तिसऱ्या दिवशी न्हाऊन देवळात गेल्या आणि देवीसमोर बोलून आल्या की आपली जागा कायम होईपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही. ओली नाही, सुकी नाही, रस्साही नाही. हे आपल्याला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली आहे. मी ती मोडते आहे, पाप माझ्या माथी.

आपल्याला ठाऊकच आहे, वन्सं एकवेळ पाण्यावाचून राहतील. आता त्या चवळीच्या आमटीशी भात खातात आणि दुपारी उगाच गोठ्यात जाऊन गाईला रागावतात. मरियमबी टोपली घेऊन दारात आल्या की यांचं आपलं नको, आज नको. पंधरा दिवस असं झाल्यावर मरियमबींच्या डोळ्यांना पाणी आलं. माझं काय चुकलं, बोंबलात रेती निघाली का, असं विचारायला लागल्या. तेव्हा त्यांना नवसाचं सांगावं लागलं. आता त्याही त्यांच्या पिराला काही बोलल्या आहेत, काय ते सांगत नाहीत.

मला मात्र वन्सं रोज मासळी करून वाढतात आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसतात. मी खाते. खोटं कशाला लिहू?

बिनमिरचीचा स्वयंपाक मी शिकते आहे. दुधीची भाजी केली, नुसतं मीठ आणि खोबरं. वन्संनी चाखली आणि हे आजाऱ्यासाठी आहे की पाडीसाठी, असं विचारलं. दोन खोल्या मिळाल्या तर एकीत आपण आणि आपली जीभ राहावं, दुसरीत मी आणि माझी मिरची राहू. पण मिळू देत लवकर. मी वाट बघते आहे, हेही एकदा लिहून टाकते.

वन्संचं नाव न काढता पत्राचं उत्तर यावं आणि त्यात माझ्या वाट्याच्या दोन ओळी जास्त असाव्यात.

आपली,
सावित्री

---

पूर्णगड,
ता. १० एप्रिल १९२९

चि. आत्मारामास,

आक्काचे अनेक आशीर्वाद. शिमग्याला येऊन गेलास, घर भरल्यासारखं वाटलं. पण तू गेल्यावर मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, त्याचं काय ते आधी लिहिते.

भिकाजीकाकांकडे पालखीच्या दिवशी सगळे बसले होते. काकूंनी मुद्दाम तुझ्यासाठी चहा केला, त्यांच्या घरात चहा होतो तो पावण्यांना आणि तापात. आणि तू, मेल्या, तो सूर्रकन ओढलास, गाल फुगवून फिरवलास आणि सरळ खळ्यात थुंकलास! वर सांगितलंस काय, तर दुधाला धूर लागलाय. तुझं तुलाच कळलं नाही हे मी बघितलं, तुझा चेहराच पडला. पण काकूंना ते कोण सांगणार? त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. पाणवठ्यावर घागर अशी आपटतात की मी आले हे सगळ्यांना कळावं. काका तेवढे खूश आहेत. म्हणतात, तीस वर्षं मला जे बोलायचं होतं ते पोराने बोलून टाकलं.

दुसरं, तू मला जेवताना सारखं विचारत होतास की आक्का, तू मासळी का घेत नाहीस. मी सांगितलं की वीट आला. तू म्हणालास बरं, आणि पानावर मान खाली घातलीस. तुला कोणीतरी सांगितलंय हे मला तेव्हाच कळलं. घरात माणसं दोन, मी सांगितलं नाही, मग कोणी सांगितलं हे शोधायला मला पोलीस नको. तिला मी रागावले नाही. रागावणार होते, पण ती तू गेलास त्या दिवशी धक्क्यावरून परत येताना सारखी वळून आगबोटीकडे बघत होती, म्हणून राहू दिलं.

तुला समोर बसवून दूधभात वाढताना मला कसं झालं ते सांगू? पोर आजारी नाही, रुसलेलं नाही, समोर बसून हसतंय, आणि माझ्या हातचं काही त्याला चालत नाही. माझ्याकडे तुला द्यायला दुसरं आहे काय रे? दोन गोष्टी शिकवायला मी काही फार शिकलेली नाही. रांधायचं आणि वाढायचं, एवढंच मला येतं. असो. तू आता त्या कपांकडे नीट लक्ष दे. आणखी चूक होऊ देऊ नकोस, माझा नवस लांबतो.

चिडलेली, पण तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आक्का

---

मुंबई,
ता. १८ नोव्हेंबर १९२९

ती. आक्कास,

शि. सा. न. वि. वि. आधी देवीला नमस्कार सांग आणि मग तव्यावर तेल घाल. वर्ष पुरं व्हायला दीड महिना होता, तरी मी कायम झालो! काल फॉक्स साहेबाने बोलावून हातात हात घेतला. तुझा नवस फिटला. हे पत्र वाचून झालं की मरियमबींना निरोप धाड, माझी शपथ आहे.

आता पुढचं. मोठे साहेब मला कलकत्त्याला मागत आहेत. बोंबील शेपटीला धरणारे तेच. फॉक्स साहेब सांगत होता की इथे चव सांगणारे बरेच आहेत, पण नमुना बिघडला तर माझ्यामुळे बिघडला असं सांगणारा मोठ्या साहेबांना अजून भेटला नव्हता. हाताखालचा नव्हे, पुरा चव बघणारा म्हणून नेमणूक. स्वतंत्र टेबल, राहायला बिऱ्हाड, सावित्रीलाही बरोबर नेता येईल. कंपनीत आपल्या माणसाला ही जागा कधी मिळाली नव्हती. कचेरीतले कारकून काल मला उठून उभे राहून नमस्कार करत होते, मला पळून जावंसं वाटलं.

पण करार तीन वर्षांचा आहे. गणपतीचे दिवस म्हणजे ऐन हंगाम, तेव्हा रजा नाही. कलकत्ता इथून आगगाडीने दोन दिवस, आणि वर मुंबईहून आगबोट. तीन वर्षांत येणं झालंच तर एखादं. आणि जिभेला तर एकही दिवस रजा नाही. मी साहेबाला विचारलं होतं की घरी गेल्यावर चार दिवस घरचं खाल्लं तर चालेल का. तो म्हणाला की मग पंधरा दिवस टेबलाशी यायचं नाही.

फॉक्स साहेब काल जरा मोकळा बोलत होता. त्याची आई नाताळात कसलासा गोड पदार्थ करायची, लहानपणी त्यासाठी तो भावाशी मारामारी करायचा. म्हणाला की आता त्याची चव काही केल्या आठवत नाही, एवढं आठवतं की चव होती. मी हसलो. मग संध्याकाळी टेबल आवरताना मी तुझं बांगड्याचं तिखलं आठवून बघितलं. आक्का, मला आठवेना. लाल होतं हे आठवलं, गरम होतं हे आठवलं, तू पदराने वारा घालायचीस हे आठवलं. चव आली नाही. मी घाबरलो. अजून घाबरलेला आहे.

सावित्रीला नेलं तर तू घरात एकटी. तुला चल म्हटलं तर तू येणार नाहीस, गाय आणि मळा पुढे करशील. मला वाटतं मी नको म्हणून सांगावं. इथेच राहतो. दोन खोल्या मिळाल्या, सावित्री येईल, वर्षातून एकदा मीही येईन, तेवढं पुरे नाही का? साहेबाला महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. मला खरंच कळत नाही. तू सांगशील तसं करतो, पण सांगताना माझ्यावर माया करू नकोस, नीट विचार करून सांग.

गोंधळलेला आणि तुझ्या शब्दावर टेकलेला,
आत्माराम

---

पूर्णगड,
ता. २४ नोव्हेंबर १९२९

चि. आत्मारामास,

आक्काचे अनेक, अनेक आशीर्वाद. सावित्रीने पत्र वाचायला घेतलं, कायम झालो इथपर्यंत मोठ्याने वाचलं आणि कलकत्त्याशी आल्यावर पत्र माझ्या हातात ठेवून ती उठली. पुढचं मी वाचलं. ती जाईन म्हणत नाही, राहीन म्हणत नाही, तेव्हापासून तीच ती भांडी पुन्हा घासते आहे. तिला विचारायची गरज नाही.

शुक्रवारी देवीची ओटी भरली. भिकाजीकाकांनी गाऱ्हाणं घातलं, त्यात कंपनीचं नाव घेताना त्यांची जीभ तीनदा अडखळली. काकूही आल्या होत्या. माझ्याशी बोलल्या! थुंके साहेब मोठा झाला म्हणे, म्हणाल्या, आणि माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. मरियमला निरोप गेला होताच. ती स्वतः सरंगा घेऊन आली, तिच्या लेकाच्या, गुलाम रसूलच्या मचव्यावर त्याच पहाटे आलेला, ताटाएवढा. तिने पिराला काय बोललं होतं तेही आता सांगितलं. मी पुन्हा मासळी घेईपर्यंत तिने विडी सोडली होती म्हणे. ती विडी ओढत होती हेच मला ठाऊक नव्हतं.

आता खरं काय ते लिहिते, सावित्रीला न दाखवता. वर्षभर मला एक भीती होती. नवस नावाला होता. माझ्या मनाने असं धरलं होतं की तू तिकडे दूधभात खाणार आणि मी इथे तळलेली तुकडी खाणार, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. उद्या नवस फिटला तरी तुझ्यावाचून घास घशाखाली उतरायचा नाही. आणि मी मनाशी ठरवलं होतं, की उतरला नाही तर तुला लिहायचं, ये बाबा परत, नको ती कंपनी आणि नको तो कलकत्ता, चिठ्ठ्या डकव नाहीतर शेत कर, पण माझ्यासमोर बसून जेव. पत्रातला शब्द न् शब्द तयार होता. तू आला असतास, हे मला माहीत आहे. म्हणून तर भीती.

सावित्री विहिरीवर गेली होती. मी तुकड्या तळल्या, चुलीपाशीच पाट घेतला, तुझं नाव घेतलं आणि घास तोंडात घातला. आत्माराम, उतरला रे! असा उतरला की मी डोळे मिटून घेतले. मला माझीच लाज वाटली. म्हटलं, हा चुकून उतरला असेल, म्हणून खात्री करायला दुसरी तुकडी घेतली. तिसरी कशाला घेतली ते मला सांगता येणार नाही. चौथी सावित्रीची होती. ती घागर घेऊन आत आली तर तवा रिकामा आणि मी बोटं चाटते आहे. आम्ही दोघी इतक्या हसलो की घागर कलंडली. मग मला रडू आलं. तिला वाटलं मिरची लागली, मी तसंच वाटू दिलं.

तर आता ऐक. चव आठवत नाही म्हणून घाबरू नकोस. कामाला चाललास, दहा गोष्टी विसरशील. तिखलं मी केलं होतं, मला आठवतं, तेवढं पुरे आहे. म्हातारा होऊन नोकरी सोडशील तेव्हा मी असले तर वाढीन आणि नसले तर सावित्रीला येतं. तिला नेऊन तिच्या संसारात बसव. बिनमिरचीचं ती बरं करते, मी उगाच नावं ठेवत होते. गाईचं मी बघीन. मरियम सांजेला येऊन बसते, काकूही आता येतील. एकटी एकटी म्हणून माझ्या नावाने गळा काढू नकोस, आणि माझं नाव पुढे करून साहेबाला नकार तर अजिबात देऊ नकोस. तसं केलंस तर मी जन्मभर तुला वाढणार नाही.

माया न करता सांग म्हणतोस, ते मला जमायचं नाही. माया करूनच सांगते. मला एकच बघायचं होतं, की तू नसताना मला जेवण जातं की नाही. मी चार तुकड्या खाल्ल्या, आत्माराम. जा तू.

पोटभर जेवलेली,
तुझी आक्का